चाकणच्या किल्ल्यात मारलेली हाक

माघात आम्ही दोघं चाकणचा किल्ला पाहून आलो. पिंपरीहून चाकण ते किती लांब आणि त्याचं वर्णन ते काय करायचं, असं कुणीही म्हणेल. चाकणच्या लोकांची गुरं रोज त्या किल्ल्यात चरतात, त्यांना तर त्याचं काहीच कौतुक नाही. पण मी तिथं एक दुपार अशी काढली की ती कागदावर उतरवल्याशिवाय माझ्या मनातून हलायची नाही. पुढेमागे कुणी तो किल्ला पाहायला निघालं, तर त्यांना ह्यातून दोन गोष्टी आधीच कळतील.

ह्यांना जुन्या वास्तूंचं वेड आहे. रजा मिळाली की लोक बायकोला माहेरी पोचवतात. हे मला एखाद्या पडक्या वेशीसमोर नेऊन उभं करतात. कार्ल्याची लेणी झाली, दौलताबाद झालं, विजापूर झालं. लंकेतल्या जुन्या नगरांची चित्रं मासिकातून कापून ठेवलेली आहेत आणि बोटीचं भाडं मला न सांगता दोन ठिकाणी विचारूनही झालं आहे. आम्हांला मूलबाळ नाही. 'तुमच्यामागे कसला पाश नाही, फिरा की,' असं शेजारणी म्हणतात खऱ्या, पण नवराबायकोनं नुसतं बघायला म्हणून गाव सोडावं हे त्यांच्या पचनी पडत नाही. कुठल्या देवाला निघालात आणि कुणी सांगितलं, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी ठरलेले.

विजापूरला गोलघुमटाच्या सज्जात ह्यांना पहिल्यांदा चक्कर आली. घुमटाची बांधणी मला समजावून सांगत होते; सांगता सांगता भिंतीला टेकले आणि खाली बसले. ओठ पांढरेफटक. मी पदरानं वारा घातला, पाणी पाजलं, थोड्या वेळानं उठले आणि बांधणीचं राहिलेलं सांगू लागले. मग एकदा कारखान्यात तसंच झालं, एकदा घरी मोरीत. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काही नाही. मला त्या 'काही नाही'चीच धास्ती बसली. रोग सापडला तर औषध देता येतं, आणि ह्यांच्या कारखान्यात तर औषधंच तयार होतात. पण जे सापडतच नाही त्याला द्यायचं काय? तेव्हापासून हे अंघोळीला गेले की मी मोरीबाहेर तांब्याचा आवाज ऐकत उभी असते.

विजापूरहून आल्यावर मी जाहीर करून टाकलं की उंच जागा बंद. गड नाही, मनोरा नाही, सज्जा नाही.  एका संध्याकाळी चहा घेताना हे म्हणाले, "चाकणचा किल्ला भुईकोट आहे. सपाट जमिनीवर. चढायला तिथं काही नाहीच."



पिंपरी सोडताना

आमच्या घरमालकीणबाई सोनावहिनी पिंपरी गावच्याच, जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांना सांगितलं तर त्या धुणं पिळता पिळता थांबल्या.

"किल्ला बघाया? चाकनला? आवं तितं शेरडं चरत्यात."

"ह्यांना आवड आहे."

"व्हय का." त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि नवसाचंच काही असणार, असं स्वतःशीच ठरवलं. "मंग असं करा. माजं म्हायेर निघोज्यात. शुक्रवारी तितं मुक्कामाला जावा. शनवारी चाकनचा बाजार असतो, माजा भाऊ दगडू गाडी घिऊन जातुयाच. तुमास्नी नीट नेऊन सोडंल."

मला तेवढाच आधार वाटला. ओळखीचं माणूस बरोबर असेल, वेळ आली तर गाडी असेल. मी सामान बांधलं ते असं: फिरकीच्या तांब्यात पाणी, पिंपरी कॅम्पातल्या सिंधी दुकानातून आणलेल्या लिंबाच्या गोळ्या, साखरेची पुडी, कपाळाला लावायचा मलम आणि दोन कांदे. चक्कर आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा फोडून धरतात, म्हणून कांदे. ह्यांनी पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, "आपण किल्ला बघायला चाललोय की दवाखाना काढायला?" मी त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली.

कासारवाडीच्या फाट्यावर एस.टी. मिळाली. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला तेव्हा पाणी कमरेइतकंही नसेल, बायका मधल्या खडकांवर धुणी आपटत होत्या. हे खिडकीशी बसले होते. त्यांची मान जरा झुकली की मी कोपरानं ढोसत होते. दोनदा ते नुसते बाहेर वाकून पाहत होते, हे नंतर कळलं.

निघोजे

कुरुळीच्या फाट्याला दगडूभाऊ बैलगाडी घेऊन उभेच होते. दांडगा, हसतमुख माणूस. बैलांना हाकताना ते आमच्याशी बोलत होते की बैलांशी, ते पुष्कळदा कळत नव्हतं. माझी पिशवी गाडीत ठेवताना त्यांना कांदे दिसले.

"वयनी, चाकनच्या मुलखात कांदं घिऊन आलाव?" ते इतके हसले की बैल थांबले. घरी गेल्यावर दाखवलं तर अर्धा सोपा कांद्यांनी भरलेला. माझे दोन कांदे मला लपवून ठेवावेसे वाटले.

रात्री पाहुणचार मासवडीचा. हा प्रकार आमच्या मूळ गावी, कोरेगावकडे, नाही. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, सुकं खोबरं, लसूण घालून वळायचं आणि वड्या पाडायच्या. दिसायला माशाच्या तुकडीसारखी वडी, पण शाकाहारी. सोबत काळा, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडे ज्वारी, बाजरी संक्रांतीच्या सुमारास तीळ लावून एकदा होते तेवढीच. ह्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, त्यामुळे मला जरा धीर आला.

दगडूभाऊंच्या आई सखूआई. पाठीत वाकलेल्या, पण नजर अशी की काही सुटायचं नाही. त्यांनी वाढता वाढता विचारलंच, "कोन्या द्येवाला निगालाव म्हनायचं?"

"देवाला नाही, किल्ला पाहायला," हे म्हणाले, आणि किल्ल्याची सगळी हकिकत सांगायला लागले. महाराजांच्या किल्लेदारानं मूठभर माणसांनिशी मोगलांची केवढी मोठी फौज पावसाळाभर अडवून धरली, शेवटी शत्रूनं सुरुंग लावून बुरूज कसा उडवला. सखूआईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आसूं दे बाय. किल्ल्यात बी देऊळ हाय. तितं हात जोड."

चाकण, शनिवार

शनिवार म्हणजे ह्यांचा उपास. मारुतीचा, लहानपणापासूनचा. बाजाराचा दिवस शनिवार आणि ह्यांचा उपासही शनिवार, हे माझ्या आधी ध्यानात यायला हवं होतं, पण सोनावहिनींनी गाडीचं म्हटल्यावर मी बाकी सगळं विसरले. सकाळी मी म्हटलं, "आजच्या दिवस सोडा." ह्यांनी मान हलवली. "निदान शेंगदाणे खा." तर म्हणे, संध्याकाळीच. घोटभर चहावर माणूस निघाला.

चाकणचा बाजार मोठा. बैलांच्या रांगा, मिरच्यांचे ढीग, कांद्याच्या राशी, आणि त्या सगळ्यांतून उठणारी धूळ आणि खकाणा. शिंकत शिंकत आम्ही आत शिरलो. दगडूभाऊंनी कांदा उतरवला, सखूआई मिरचीची पाटी मांडून बसल्या, आणि आम्ही दोघं किल्ल्याकडे वळलो.

किल्ल्याबद्दल खरं सांगायचं तर, ह्यांच्यासारखं वेड नसेल तर तिथं बघायला फार नाही. ढासळलेली वेस, कुठे कुठे उभा असलेला तट, निवडुंग, बाभळी, शेळ्या. तटाबाहेर खोल खंदक, त्यात काटेरी झुडपं माजलेली. पण हे वेशीच्या दगडावर हात ठेवून उभे राहिले ते उभेच. दगड तापलेला असूनही हात काढला नाही. अशा वेळी त्यांचा चेहरा इतका सुखी दिसतो की मला माझ्याच काळजीचा राग येतो.

आत देवळाच्या सावलीत मी टेकले. हे म्हणाले, "तू बस. उडवला तो बुरूज पाहून आलोच."

"मी येते."

"काटे आहेत सगळीकडे. लुगडं फाटेल. आलोच म्हणतोय ना."

मी लिंबाची गोळी पुढे केली. ती त्यांनी खिशात टाकली, संध्याकाळसाठी.

देवळाची सावली माझ्या पायांवरून सरकली, मग गुडघ्यांवरून. मी उठून दुसऱ्या बाजूला बसले. तिथली सावलीही लांबत गेली. मी स्वतःला समजावत होते की हे दगडाशी बोलत बसले असतील, नाहीतरी ह्यांना वेळेचं भान कधी असतं? मग उठले आणि हाक मारली, "अहो!"

तटावर शेळ्या राखणारा एक म्हातारा वळला. "काय वं?"

"तुम्ही नाही," मी म्हटलं.

पुढे जाऊन पुन्हा हाक मारली. झाडाखाली निजलेला एक माणूस उठून बसला आणि मी त्याचीच बायको की काय, हे डोळे किलकिले करून पाहू लागला. अहो म्हटलं की सगळे नवरे सारखेच. ज्यांना मूल असतं त्या बायका 'बाळूचे बाबा' तरी म्हणू शकतात. मला तीही सोय नव्हती. मी सरळ बाजाराकडे पळत सुटले.

दगडूभाऊंनी तराजू तसाच टाकला. सखूआईंनी पाटीवर फडकं टाकलं आणि काठी घेऊन त्याही निघाल्या. दगडूभाऊ तटावर चढून ओरडले, "ओ पाव्हनं!" बाजाराचा दिवस, खालून जाणारे अर्धेअधिक पाव्हणेच. चार जणांनी ओ दिली. मग त्यांनी मला आडनाव विचारलं. मी शिंदे म्हणून सांगितलं. त्यांनी शिंदे म्हणून हाक घातल्यावर एक गृहस्थ वर येऊन म्हणाले, "आमी शिंदेच. काय काम हाय?"

तोवर पाचसहा माणसं जमली होती. त्यांतला एक म्हणाला, "बाई, नाव सांगा मालकांचं. चहूकडनं हाका घालू."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मला माझ्या आईनं सांगितलं होतं. एरवी मी काही फार भोळी नाही. पण त्या क्षणी हे कुठे पडले असतील, श्वास चालू असेल की नाही, हेच माहीत नव्हतं. जिथं एकेक घटका मोजून राहिली असेल तिथं मी माझ्या तोंडानं ती कमी करू?

सखूआईंनी माझं मन ओळखलं. "आत्ता नाव घिऊ नगंस बाय. आत्ता तर न्हाईच. द्येवावरनं सांग. कोन्या द्येवाचं नाव हाय?"

"जेजुरीच्या," मी म्हटलं.

"मंजी खंडेराव! दगडू, खंडेराव म्हन!"

ते नाव नव्हतं. जेजुरीच्या देवाची नावं काय थोडी आहेत? ह्यांचं दुसरं होतं. सखूआईंना 'ते नव्हे, आणखी विचारा' म्हणायला पाहिजे होतं. पण माणसं निघालीसुद्धा होती, आणि माझ्या डोक्यात इतकंच आलं की देव तर तोच आहे ना, हे समजून घेतील. त्याहून मोठा मूर्खपणा मी आयुष्यात केलेला नाही.

चहूकडून 'खंडेराव, ओ खंडेराव' सुरू झालं. तटावरून, वेशीतून, बाभळींमागून. बाजारातून एक मिशाळ दुकानदार धापा टाकत आला, त्याला वाटलं त्याच्या दुकानाला आग लागली. तो खंडेराव. मागोमाग एक पोरगेला खंडू आला. माणसं हसायला लागली. मला तिथंच बसकण मारून रडावंसं वाटलं. जिवंत, धडधाकट खंडेराव गोळा होत होते आणि माझ्या माणसाला अजून कुणी हाक मारलीच नव्हती.

मी एकटीच त्या ढासळलेल्या बुरुजाकडे गेले. निवडुंगानं लुगडं धरलं, मी ओढून सोडवलं, फाटलं. कडेला आले आणि खाली खंदकात, बोरीच्या झुडपावर, काळी टोपी अडकलेली दिसली. ह्यांचीच. आतल्या कडेला मीच पट्टी शिवली होती.

त्यानंतर मला आई आठवली नाही, आयुष्य आठवलं नाही, सखूआई मागून येतायत ह्याचंही भान राहिलं नाही.

"मार्तंड!"

राव लावायचंसुद्धा राहिलं. सखूआईंचा हात माझ्या तोंडावर आला, तो मी बाजूला केला आणि पुन्हा ओरडले, "मार्तंड! मार्तंड!"

खालून, झुडपांच्या आतून, अगदी बारीक आवाज आला. "ओ."

मी तशीच कडेवरून खाली वाकले. सखूआईंनी मला धरलं आणि काठी आपटत दगडूभाऊंना हाका मारल्या. तिघं माणसं खंदकात उतरली, पागोटी सोडून त्यांचा दोर केला आणि ह्यांना वर घेतलं. घोटा सुजून टम्म, कोपर सोललेलं, चेहरा मातीनं माखलेला. दगडूभाऊंनी माझ्याच पिशवीतला कांदा बुक्कीनं फोडून नाकाशी धरला आणि ह्या वेळी ते हसले नाहीत. मी साखरेचं पाणी केलं. हे उपासाचं नाव न काढता ते गटागटा प्यायले.

बुरुजाच्या टोकाशी उभं राहून हे खाली वाकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, एवढंच त्यांना आठवत होतं. मोगलांना हा बुरूज पाडायला सुरुंग लागला. ह्यांना पाडायला रिकामं पोट पुरलं, असं मी म्हटलं. म्हटलं आणि रडायला लागले.

"आमी इतका येळ वरडतुया," दगडूभाऊ म्हणाले, "ओ द्येयाची न्हाई व्हय?"

"कानावर येत होतं," हे म्हणाले. "वाटलं, कुणाचा तरी खंडेराव हरवलाय. त्यांचा सापडला की मग आपण हाक मारू."

सखूआईंनी मीठमोहऱ्या नव्हत्या म्हणून बाजारातल्या मिरच्यांनीच आमची दृष्ट काढली. ह्यांची काढली, मग माझीही. मी त्यांना विचारलं, "आई, मी नाव घेतलं. आता काय होईल?"

 "घेतलंस तर घेतलंस," त्या म्हणाल्या. "कशापायी घेतलं, ते त्येला ठावं हाय."

परतताना

संध्याकाळी दगडूभाऊंनी गाडीत पेंढा पसरून ह्यांना त्यावर बसवलं आणि आम्हांला फाट्यापर्यंत आणलं. वाटेत कापणीला आलेले गहू, पाट सोडून बसलेली माणसं, मेंढ्यांचा एक मोठा कळप. मला त्यातलं काही नीट दिसलं नाही. मी ह्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते. 

थोडं पुढे गेल्यावर हे म्हणाले,

"तू नावानं हाक मारलीस ना, तेव्हा मला तुझा आवाज ओळखू आला नाही."

"माझा आवाजच राहिला नव्हता."

"तसं नव्हे." त्यांनी सुजलेला पाय पेंढ्यात सरळ केला. "मला त्या नावानं बाईमाणसानं हाक मारून किती वर्षं झाली. तशी नुसती, राव न लावता, आईच मारायची. मला वाटलं, आई आलीय. म्हटलं, संपलं आपलं. न्यायला आली." मग म्हणाले, "भीती नाही वाटली गं. म्हणून तर लगेच ओ दिली."

माझ्या सासूबाई मी ह्या घरात येण्यापूर्वीच गेल्या. मी त्यांना पाहिलेलंही नाही. मी गाडीच्या दांड्याला घट्ट धरून बसले. ह्यांनी हौसेनं, आनंदानं ओ दिली होती, आणि ती मला नव्हती.

घोटा बरा व्हायला बरेच दिवस लागले. डॉक्टरांनी ह्या वेळी 'काही नाही' म्हटलं नाही. अंगात रक्त कमी आहे, उपाशी उन्हात उभं राहायचं नाही, म्हणाले, आणि लोहाच्या औषधाची एक बाटली दिली. शनिवार सुटला. चक्कर पुन्हा येणार नाही, असं मात्र त्यांनी सांगितलेलं नाही. मी विचारलं तर हसले. लंकेची चित्रं अजून पेटीत आहेत आणि मी त्यांबद्दल चांगलं-वाईट काही बोललेले नाही.

नावानं आयुष्य कमी होतं की नाही, ते मला अजून माहीत नाही. रोज सकाळी धाकधूक होतेच. पण सोनावहिनी नळावर गेल्या, घरात आम्ही दोघंच उरलो, की मी दार लोटून घेते आणि हाक मारते, "मार्तंड, चहा निवतोय." हे दाढीचा साबण तसाच तोंडाला ठेवून हसत बाहेर येतात. मी रोज मारते. पुन्हा कुठे पडले, डोळ्यांपुढे अंधार झाला आणि ही हाक कानावर आली, तर आपल्याला कुणी न्यायला आलंय असं ह्यांना वाटू नये. घरी चहा निवतोय, एवढंच वाटावं.